‘एक्स्टॉर्शन’: लूट, खंडणी की बलाद्ग्रहण?

पूर्णाकाठ (परभणी) यांचा प्रश्न:

एका फौजदारी खटल्यातील इंग्रजी न्यायनिर्णयाचा मराठी अनुवाद तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आले आहे. मोंढ्यातील एका आडत्याला कधी आडतीवर येऊन, तर कधी फोनवरून धमकावून काही जणांनी वेळोवेळी पैसे घेतले, असे ते प्रकरण आहे. मूळ निर्णयात ‘एक्स्टॉर्शन’ हा एकच शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत आलेला आहे. अनुवादकाने मात्र प्रास्ताविकात त्याची ‘लूट’ केली, आरोपाच्या परिच्छेदात ‘बलाद्ग्रहण’ लिहिले आणि साक्षींच्या भागात ‘खंडणी’ म्हटले. नुसता मराठी मजकूर वाचणाऱ्याला तीन निरनिराळे गुन्हे घडले असे वाटावे, अशी अवस्था झाली आहे.

कोणता शब्द ठेवावा एवढेच विचारून थांबलो असतो. परंतु एका सहकाऱ्यांनी घेतलेल्या आक्षेपामुळे प्रश्न वाढला. त्यांचे म्हणणे असे, की आडत्याने प्रत्येक वेळी गल्ला स्वतः उघडला, नोटा स्वतः मोजल्या आणि स्वतःच्या हाताने दिल्या. कोणी त्याच्या हातून काही हिसकावले नाही. मग कोशात ज्याचा अर्थ ‘बळजबरीने घेणे’ असा दिलेला आहे, तो शब्द येथे लागू कसा होतो? या इंग्रजी शब्दाचे मूळ काय, त्यातले बळ नेमके कोठे आहे आणि कायद्याला त्यातून काय अभिप्रेत आहे, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

शब्दखूण (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर:

व्युत्पत्तीपुरते मी लिहितो. कायद्याचे वकील मंडळींनी पाहावे.

हा शब्द लॅटिनमधील ‘एक्स्टॉर्केरे’ या क्रियापदावरून आला. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘टॉर्केरे’ म्हणजे पिळणे, मुरडणे. म्हणजे ‘पिळून बाहेर काढणे’ हा त्याचा मूळ अर्थ. ‘एक्स्टॉर्शन’ हे नाम इंग्रजीत सुमारे १३०० पासून आढळते आणि ‘एक्स्टॉर्ट’ हे क्रियापद त्यानंतर दोनेकशे वर्षांनी रुळले. ‘टॉर्केरे’च्या घराण्यातले इतर शब्द आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. छळासाठी आपण सर्रास वापरतो तो ‘टॉर्चर’, इंजिनाच्या जाहिरातीत येतो तो ‘टॉर्क’, विपर्यासाला म्हणतात ते ‘डिस्टॉर्शन’, हे सगळे त्याच मुळाचे. दिवाणी अपकृत्याचा ‘टॉर्ट’ हा शब्दही ‘मुरडलेले, वाकडे’ या अर्थातूनच फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचला. संस्कृतात सूत कातण्याच्या चातीला ‘तर्कु’ असा शब्द आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचेही नाते याच प्राचीन धातूशी जोडतात. म्हणजे ही भावकी फार दूरची नाही.

आपल्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाचे अर्धे उत्तर या धात्वर्थातच आहे. ओले धोतर पिळले की पाणी धोतरच सोडते; पिळणाऱ्याची बोटे आत शिरून पाणी काढून आणत नाहीत. हिसकावणे, ओरबाडणे, लुटणे या क्रियांत घेणाराच वस्तूला हात घालतो. ‘एक्स्टॉर्शन’मध्ये दाब माणसावर येतो आणि वस्तू तो माणूस स्वतः सोडतो. आडत्याने गल्ला स्वतः उघडला ही गोष्ट या शब्दाच्या विरोधात जात नाही. उलट तीच या शब्दाची ओळख आहे.

मराठीची वाटचालही याच दिशेने झालेली दिसते. ‘पिळणे’ हे क्रियापद संस्कृतातील ‘पीड्’ म्हणजे दाबणे या धातूवरून आले आणि ‘पीडा’ही त्यावरूनच आली. तिकडे पिळण्याच्या धातूतून ‘टॉर्चर’ निघाले, इकडे दाबण्याच्या धातूतून पीडा. तरीही ‘पिळवणूक’ हा शब्द आपल्या अनुवादात चालणार नाही, कारण आज तो मजुराला कमी दाम देऊन जास्त राबवून घेणे अशा दीर्घकाळ चालणाऱ्या अन्यायासाठी राखला गेला आहे. ‘पैसे उकळणे’ अर्थाने अगदी जवळचे आहे, पण न्यायनिर्णयाच्या भाषेला ते थोडे सैल पडते.

‘लूट’ मात्र काढूनच टाकावी. तो शब्द इंग्रजीने आपल्याकडून नेला आहे. १७८८ च्या एका इंग्रजी शब्दसंग्रहात तो ‘लूट, लुबाडणूक’ अशा अर्थाने नोंदला गेला आणि चीनमधील युद्ध, क्रायमियाचे युद्ध व १८५७ चा उठाव यांच्या काळात शिपायांच्या तोंडून तो खुद्द इंग्लंडात स्थिरावला, असे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या प्रसिद्ध कोशात म्हटले आहे. त्याला स्वतःचा ठसठशीत अर्थ असताना दुसऱ्या शब्दाच्या जागी उभे करणे बरे नव्हे.

तावरजाकाठचा वकील (लातूर) यांचे उत्तर:

शब्दखूण यांनी जे मुळावरून सांगितले, तेच कायद्याच्या व्याख्येवरूनही निघते. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३८३ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८, या दोन्हींत या गुन्ह्याची व्याख्या जवळपास शब्दशः सारखी आहे. एखाद्या व्यक्तीला स्वतःला किंवा दुसऱ्या कोणाला इजा पोचण्याची भीती हेतुपुरस्सर घालायची आणि त्या भीतीच्या जोरावर तिला मालमत्ता, मौल्यवान रोखा किंवा सही-शिक्का केलेला, पुढे रोखा बनू शकेल असा कागद कोणाच्या तरी हवाली करायला अप्रामाणिकपणे भाग पाडायचे, असा हा गुन्हा आहे. या व्याख्येत ‘घेणे’ हे क्रियापद कोठेच मध्यवर्ती नाही. मध्यवर्ती आहे ते ‘हवाली करायला लावणे’. चोरीत संमती नसते. येथे संमती असते, पण ती भीतीने नासलेली असते. आपल्या सहकाऱ्यांना एवढे एक वाक्य दाखवले तरी पुरे.

संहितेतील उदाहरणे वाचण्यासारखी आहेत आणि ती आपल्या भागातील माणसाला परकी वाटत नाहीत. एका उदाहरणात एक जण दुसऱ्याला धमकावतो, की अमुक इतके धान्य द्यायचे आणि न दिल्यास दंड भरायचा, अशा करारपत्रावर सही कर, नाही तर लाठीवाले पाठवून तुझे शेत नांगरून टाकतो. दुसऱ्या उदाहरणात जबर दुखापतीची भीती घालून कोऱ्या कागदावर सही किंवा शिक्का घेतला जातो. त्या कागदावर त्या क्षणी रकमेचा एक आकडाही नसतो, तरीही गुन्हा पूर्ण होतो, कारण कोरा कागद पुढे काय होऊ शकतो हे कायदा जाणतो. गावोगाव कोऱ्या मुद्रांकावर घेतलेल्या अंगठ्यांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना या उदाहरणाचे मोल वेगळे सांगायला नको. न्याय संहितेने या जुन्या उदाहरणांत एकाची भर घातली आहे: मूल माझ्या ताब्यात आहे, एक लाख रुपये पाठव, नाही तर त्याला ठार मारीन, असा इलेक्ट्रॉनिक उपकरणावरून पाठवलेला संदेश.

अनुवाद तपासताना तीन-चार ठिकाणी जपावे. पैसे नुसते मागितले आणि समोरच्याने ते दिलेच नाहीत, तर मुख्य गुन्हा पूर्ण होत नाही. त्यासाठी भीती घालण्याचा वेगळा गुन्हा आहे, जो पूर्वी कलम ३८५ मध्ये होता. वृत्तपत्रांत ‘खंडणी मागितली’ आणि ‘खंडणी घेतली’ यांची सरमिसळ होते, ती निर्णयाच्या अनुवादात होता कामा नये. ‘इजा’ म्हणजे शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदा पोचवलेली हानी. म्हणून रास्त येणे असलेल्या धनकोने ‘दावा लावीन’ असे म्हणणे ही या अर्थाने इजेची धमकी ठरत नाही. शिक्षेचा आकडाही घटना कोणत्या तारखेची आहे ते पाहूनच लिहावा, कारण साध्या गुन्ह्याला पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैद होती आणि नव्या संहितेत ती सात वर्षांपर्यंत नेली आहे.

शिवाय हाच गुन्हा विशिष्ट परिस्थितीत ‘जबरी चोरी’ होतो. गुन्हेगार समोर हजर असेल आणि तत्क्षणी मृत्यू, दुखापत किंवा अडवणूक यांची भीती घालून तेथल्या तेथे वस्तू द्यायला लावत असेल, तर ती जबरी चोरी. हमरस्त्यावर पिस्तूल दाखवून पैशाची थैली मागणारा त्यात येतो; ‘मूल आमच्या टोळीच्या ताब्यात आहे, पैसे पाठव’ म्हणणारा येत नाही. आपल्या प्रकरणात आडतीवर येऊन दिलेली धमकी आणि फोनवरून दिलेली धमकी यांत न्यायालयाने असा काही भेद केला आहे का, ते मूळ इंग्रजीत बारकाईने पाहावे.

जुने दफ्तर (नांदेड) यांचे उत्तर:

‘बलाद्ग्रहण’ हा संहितेच्या अधिकृत मराठी अनुवादातला शब्द आहे, याबद्दल वाद नाही. परंतु वकीलसाहेबांचे उत्तर वाचल्यावर मला तो शब्दच खटकू लागला. ‘बलात्’ म्हणजे बळाने आणि ‘ग्रहण’ म्हणजे घेणे. व्याख्येत बळाऐवजी भीती आहे आणि घेण्याऐवजी द्यायला लावणे आहे. म्हणजे शब्दाचे दोन्ही अवयव व्याख्येपासून सुटलेले आहेत, आणि पूर्णाकाठ यांच्या सहकाऱ्यांचा गोंधळ इंग्रजी शब्दाने नव्हे, तर या मराठी शब्दाने झाला असावा.

आपल्याकडे या गुन्ह्याला आणखी एक नाव होते, ते आज विस्मरणात गेले आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूतील दंडसंहितेत या गुन्ह्याला ‘इस्तेहसाल बिल जब्र’ म्हणतात. ‘इस्तेहसाल’ म्हणजे मिळवणे, प्राप्त करून घेणे. त्याचे ‘हासिल’ आणि ‘महसूल’ हे सगोत्र शब्द मराठीत पक्के बसलेले आहेत. ‘जब्र’ आपल्या ‘जबरदस्ती’त आहे. जबरी चोरीला तेथे ‘सरका बिल जब्र’, म्हणजे जबरीने केलेली चोरी, असे नाव आहे. दोन गुन्ह्यांतले साम्य आणि भेद दोन्ही नावांतच दिसतात: जब्र समान, पण एकात चोरी आहे आणि दुसऱ्यात ‘हासिल’ करणे आहे. भीतीचा उल्लेख उर्दू नावातही नाही, हे खरे. तरीही ‘ग्रहण’पेक्षा ‘इस्तेहसाल’ मला अधिक नेमका वाटतो. अर्थात आज तो शब्द परत आणा असे मी म्हणत नाही. तो वाचून परभणीच्या न्यायालयातही कोणी मान डोलावणार नाही.

गोदातीर (पैठण) यांचे उत्तर:

‘खंडणी’विषयी थोडे लिहितो, कारण येथे शब्दाचा इतिहास आणि आपल्या भूमीचा इतिहास एकत्र आले आहेत.

‘खंडणे’ या क्रियापदाचा एक जुना अर्थ ‘ठरवून टाकणे, रक्कम निश्चित करणे’ असा आहे. जमीन खंडाने देणे, हा प्रयोग आजही खेड्यात जिवंत आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘खंडणी करणे’ म्हणजे एखाद्या गावाने किंवा संस्थानिकाने किती रक्कम द्यावी याचा आकडा ठरवणे. रक्कम ठरली, की उपद्रव होणार नाही असा कौल दिला जाई. या व्यवहारात धाक नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण आकडा होता, कागद होता आणि देणारा व घेणारा या दोन्ही सत्ता किंवा सत्तेच्या मान्यतेने वावरणारे लोक होते. पालखेडला कोंडी झाल्यावर निजामाने मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगावचा तह केला आणि दख्खनच्या सुभ्यांवरील मराठ्यांचे चौथाई व सरदेशमुखीचे हक्क मान्य केले. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहा टक्के. पालखेड आजच्या वैजापूर तालुक्यात आहे, आणि मुंगी तर आमच्या पैठणपासून अगदी जवळ. चौथाईला इंग्रज लेखकांनी पुष्कळदा ‘ब्लॅकमेल’ म्हटले. ते मला मान्य नाही, कारण तहाने मान्य झालेला हक्क आणि गल्लीतल्या गुंडाचा हप्ता यांना एका मापाने मोजता येत नाही.

मौज अशी, की इंग्रजी शब्दाचाही प्रवास वरून खाली झालेला आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ‘एक्स्टॉर्शन’ हा मुख्यतः सरकारी अधिकाऱ्याचा गुन्हा होता. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने राजाच्या अधिकाऱ्यांना आपले काम करण्यासाठी लोकांकडून मोबदला घेण्यास मनाई केली. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनने व्याख्या केली तीही अशीच: अधिकाऱ्याने आपल्या पदाच्या नावाखाली, जे देणे लागत नाही ते, किंवा लागते त्याआधी, किंवा लागते त्याहून अधिक घेणे. त्याच्याही मागे जायचे, तर प्रांताधिपतींनी प्रजेकडून उकळलेला पैसा परत मिळवून देण्यासाठी रोमने इसवी सनापूर्वी १४९ मध्ये कायमचे न्यायालय नेमले. सिसिलीचा अधिपती व्हेरेस याच्यावर सिसेरोने इसवी सनापूर्वी ७० मध्ये चालवलेला खटला त्याच स्वरूपाचा होता, आणि निकालाची वाट न पाहता व्हेरेस रोम सोडून गेला. गुंड, टोळ्या, दुकानदारांकडून वसुली हा अर्थ आज सर्वांत पुढे असला, तरी जुना अर्थ मेलेला नाही; अमेरिकेच्या १९४६ च्या हॉब्स कायद्यात धाकाने मिळवणे आणि अधिकारपदाच्या नावाखाली मिळवणे, असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ठेवले आहेत. आपल्याकडे मात्र अधिकाऱ्याने पदाच्या नावावर घेतलेल्या पैशाला लाच म्हणतात आणि तो कायदाच निराळा आहे. न दिलेल्या लाचेपायी फाइल अडवून ठेवणे यात पिळण्याचा भाग किती, हा विचार मात्र कोणाच्याही मनात येईल.

शब्दखूण (छत्रपती संभाजीनगर):

गोदातीर यांच्या ‘ब्लॅकमेल’वरच्या आक्षेपात एक अडचण आहे. आज आपण त्या शब्दाचा अर्थ ‘गुपित फोडण्याची धमकी देऊन पैसे घेणे’ असा घेतो आणि त्यातला ‘मेल’ म्हणजे टपाल असे अनेकांना वाटते. टपालाशी त्याचा काही संबंध नाही. स्कॉटलंडच्या बोलीत ‘मेल’ म्हणजे खंड, भाडे, सारा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवर सोळाव्या शतकात टोळ्या शेतकऱ्यांची गुरे पळवीत, आणि त्यांनी तसे करू नये म्हणून शेतकरी जो ठरावीक ऐवज देत त्याला ‘ब्लॅक मेल’ म्हणत. १६०१ मध्ये एलिझाबेथ राणीच्या काळात तो घेणे आणि देणे दोन्ही गुन्हा ठरवणारा कायदा झाला. चौथाईला हा शब्द लावणाऱ्या लेखकांच्या डोळ्यांसमोर ही सरहद्दीवरची वसुली असणार. त्यांची तुलना एकांगी होती हे मान्य. पण ‘संरक्षणाच्या नावाखाली ठरवलेला खंड’ या मुद्द्यापुरती ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. कौल मिळाला नाही तर पुढे काय होई, हेही कागदपत्रांत असतेच.

गोदातीर (पैठण):

तुलनेचा आधार कळला, निष्कर्ष अजूनही पटला नाही. तहातला पक्ष महसुलाच्या हिश्शाच्या बदल्यात काही जबाबदाऱ्याही पत्करतो; सरहद्दीवरची टोळी फक्त स्वतःपासून संरक्षण विकते. त्या जबाबदाऱ्या दर वेळी पाळल्या गेल्या का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गावागणिक वेगळे येईल. परंतु तो विषय पूर्णाकाठ यांच्या अनुवादाचा नाही. त्यासाठी वेगळी चर्चा उघडावी.

पूर्णाकाठ (परभणी):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहकाऱ्यांना कलम ३८३ चे वाक्य आणि कोऱ्या कागदाचे उदाहरण वाचून दाखवले. त्यांचा आक्षेप मावळला. वकीलसाहेबांच्या सूचनेप्रमाणे मूळ निर्णय पुन्हा पाहिला. आडतीवर आलेल्यांच्या हाती शस्त्र नव्हते आणि धमकी ‘दुकान चालू देणार नाही’ अशी होती, म्हणून न्यायालयाने जबरी चोरीचा आरोप मान्य केलेला नाही. त्यामुळे ‘लूट’ तर निश्चितच जाते. आता सर्वत्र ‘खंडणी’ लिहावी, असा माझा कल आहे. वाचकाला ती लगेच कळते आणि साक्षीदारांच्या तोंडीही तोच शब्द असणार. यात काही धोका आहे काय?

तावरजाकाठचा वकील (लातूर):

एक धोका आहे. पैशासाठी पळवून नेण्याच्या गुन्ह्याला, म्हणजे जुन्या कलम ३६४-अ ला, मराठीत सर्रास ‘खंडणीसाठी अपहरण’ म्हणतात. तेथे इंग्रजी शब्द ‘रॅन्सम’ आहे आणि त्याचे लॅटिन मूळ ‘पैसे देऊन सोडवून घेणे’ असे आहे. एकच मराठी शब्द दोन इंग्रजी संज्ञांच्या वाट्याला आल्यामुळे, एखाद्या निर्णयात दोन्ही कलमे असली, की वाचक चकतो. आपल्या निर्णयात अपहरण नसेल, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

तरीही आरोपाच्या परिच्छेदात आणि अंतिम आदेशात कलमाच्या क्रमांकासह ‘बलाद्ग्रहण’ राहू द्यावे. नांदेडच्या मित्रांची हरकत मला भाषेच्या दृष्टीने पटते. पण आरोपीवर जो गुन्हा शाबीत झाला त्याचे नाव अधिकृत पाठातलेच असावे लागते, ते अनुवादकाच्या पसंतीवर सोडता येत नाही. पहिल्यांदा तो शब्द येईल तेथे ‘बलाद्ग्रहण, म्हणजे भीती घालून ऐवज हवाली करायला लावणे (यापुढे खंडणी)’ असे एकदाच लिहावे आणि नंतर विवेचनात व साक्षींत ‘खंडणी’ वापरावी. साक्षीदार मुळात मराठीत बोलला असेल आणि त्याची मराठी जबानी नस्तीत उपलब्ध असेल, तर मात्र इंग्रजीवरून उलटा अनुवाद करू नये. तो ‘हप्ता’ म्हणाला असेल तर ‘हप्ता’च ठेवावा.

जुने दफ्तर (नांदेड):

ही तोड मान्य आहे. फक्त त्या पहिल्या स्पष्टीकरणात ‘ऐवज’ऐवजी ‘मालमत्ता किंवा मौल्यवान रोखा’ असे लिहावे. ‘ऐवज’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर सोने-नाणे येते आणि कोऱ्या कागदावरची सही त्यातून निसटते.